दोन वर्षांची पीजी: 88 क्रेडिट झाले, तरी निकाल राखीव का? (क्रेडिट, ओजेटी, आरपी, एबीसी, एटीकेटी)

पानमार्जिन (धागाकर्ता)

महाराष्ट्रातल्या अकृषी विद्यापीठांत एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.ला नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाल्यापासून सगळीकडे एकच आकडा ऐकू येतो: 88. सत्राला 22, वर्षाला 44, दोन वर्षांचे 88. आकडा बरोबर आहे, पण नुसती बेरीज जुळून पदवी मिळत नाही. ते 88 कुठल्या रकान्यात पडले हे बघितलं जातं आणि बहुतेक घोळ तिथेच होतात. म्हणून हा धागा.

20 एप्रिल आणि 16 मे 2023 च्या शासन निर्णयांतला आराखडा असा आहे.

सत्र 1: मेजर (मुख्य विषय) अनिवार्य 14, इलेक्टिव्ह (निवडीचा पेपर) 4, संशोधन पद्धती (आरएम) 4.
सत्र 2: मेजर अनिवार्य 14, इलेक्टिव्ह 4, ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) किंवा फील्ड प्रोजेक्ट 4.
सत्र 3: मेजर अनिवार्य 14, इलेक्टिव्ह 4, संशोधन प्रकल्प (आरपी) 4.
सत्र 4: मेजर अनिवार्य 12, इलेक्टिव्ह 4, आरपी 6.

म्हणजे दोन वर्षांत मेजर 54, इलेक्टिव्ह 16, आरएम 4, ओजेटी 4, आरपी 10. इलेक्टिव्हचे 20 क्रेडिट करून आरएमचे 4 भरून काढता येत नाहीत. ओजेटीऐवजी एक जादा पेपर देता येत नाही. चौथ्या सत्रात मेजर दोनने कमी आणि आरपी दोनने जास्त आहे, हेही लक्षात ठेवा. जुन्या गुणपत्रिकेशी ताळा करताना तिथे हमखास चूक होते.

पहिल्या वर्षाअखेर 44 क्रेडिट पूर्ण करून बाहेर पडलात तर पीजी डिप्लोमा. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर पीजी एकाच वर्षाची, 44 क्रेडिटची.

अंतर्गत-बाह्य गुणांची विभागणी कुठे 50-50, कुठे 60-40 आहे. ती आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकातच बघा. खाली जाणकारांनी भर घालावी. अनुभवकथन नको, नियम आणि त्यातली मेख हवी.

---

तासिकावाला

आधी क्रेडिट म्हणजे किती वेळ ते सांगतो. थिअरीचं 1 क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास वर्ग, साधारण आठवड्याला 1 तास. प्रात्यक्षिकाचं 1 क्रेडिट म्हणजे 30 तास. म्हणून एम.एस्सी.ला 2 क्रेडिटचं प्रॅक्टिकल आठवड्याला 4 तास खातं आणि 2 क्रेडिटची थिअरी फक्त 2. कागदावर दोघांचे सत्राला 22 च, तरी एम.ए.वाल्याचं वेळापत्रक मोकळं आणि रसायनशास्त्रवाल्याचं गच्च का, त्याचं उत्तर यात आहे.

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात 1 क्रेडिटमागे 30 तास धरलेत, पण त्यात वर्गाबाहेरचा अभ्यासही येतो. प्राध्यापकांचा वर्कलोड काढताना हा आकडा कोणी वापरला तर लगेच हरकत घ्या.

ओजेटी तासांवर मोजतात: 4 क्रेडिट गुणिले 30, म्हणजे 120 तास. सहा तासांचा दिवस धरला तर 20 कामाचे दिवस. "एक महिना काम केले" एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र विभाग परत पाठवतो, कारण त्यात तास नसतात.

---

हजेरीपट

ओजेटीचे कागद क्रमाने:

आधी विभागाचं शिफारसपत्र, मग संस्थेचं होकारपत्र, मग काम. काम आधी आणि पत्र नंतर केलं की तारखा उलट्या पडतात, आणि तपासताना पहिलं लक्ष तारखांकडेच जातं. रोजच्या नोंदवहीत तारीख, वेळ, काय केलं आणि तिथल्या पर्यवेक्षकाची सही हवी. शेवटी एकूण तास लिहिलेलं प्रमाणपत्र, अहवाल आणि तोंडी परीक्षा. मूल्यमापनात संस्थेतला पर्यवेक्षक आणि विभागातला मार्गदर्शक अशा दोघांचे गुण बहुतेक ठिकाणी असतात. पर्यवेक्षकाचा गुणतक्ता बंद पाकिटात किंवा अधिकृत ईमेलने विभागात पोचायला हवा. तो राहिला तर बाकी सगळं असूनही 4 क्रेडिट अडकतात.

भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांत "आम्हाला कोण कामावर ठेवणार" हा प्रश्न नेहमी येतो. तिथे फील्ड प्रोजेक्टचा पर्याय वापरा. अभिलेखागार, ग्रंथालय, प्रकाशन, बोलीभाषेचं सर्वेक्षण, स्थानिक संस्थेची कागदपत्रं लावणं, हे सगळं बसतं. फक्त विषयाशी त्याचा संबंध काय, हे प्रस्तावातच लिहा.

---

अर्धविराम

शंका: इलेक्टिव्ह स्वयंमवरून (केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून) केली तर चालते का? विभागप्रमुख "हो" म्हणाले तर पुरे का?

---

रकानेवही

@अर्धविराम, चालते, पण विभागप्रमुखांची तोंडी "हो" पुरेशी नाही. यूजीसीच्या 2021 च्या स्वयंम विनियमांनुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी 40 टक्क्यांपर्यंत ऑनलाइन घेता येतात. ही कमाल मर्यादा आहे, विद्यार्थ्याचा हक्क नव्हे. कुठला कोर्स कुठल्या पेपरऐवजी धरायचा हे विद्यापीठानं मान्य केलेल्या यादीवर ठरतं.

अडचणी तीन ठिकाणी येतात.

एक, क्रेडिट जुळत नाहीत. 12 आठवड्यांचा कोर्स बहुधा 3 क्रेडिटचा आणि तुमची इलेक्टिव्ह 4 ची. उरलेलं 1 क्रेडिट हवेत राहतं आणि सत्र 21 वर अडतं. नोंदणी करण्याआधी कोर्सच्या पानावर क्रेडिट किती लिहिलेत ते बघा.

दोन, अभ्यासक्रमाची पुनरावृत्ती. जो विषय मेजरमध्ये शिकताय त्याच नावाचा किंवा तोच मजकूर असलेला कोर्स इलेक्टिव्ह म्हणून धरत नाहीत.

तीन, तारखा. स्वयंमच्या परीक्षेचं वेळापत्रक वेगळं असतं. तिचा निकाल विद्यापीठाच्या गुण भरण्याच्या मुदतीनंतर आला की सत्राचा निकाल राखीव, म्हणजे अडवून ठेवलेला. हे चौथ्या सत्रात घडलं तर पुढच्या प्रवेशाचं गणित बिघडतं. म्हणून स्वयंम घ्यायचंच असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या सत्रात घ्या, चौथ्यात नको.

---

पानमार्जिन

+1. एबीसीबद्दल (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट जमा होण्याचं ऑनलाइन खातं) कुणी लिहील का? बऱ्याच जणांचा समज आहे की आयडी काढला की क्रेडिट आपोआप जमा होतात.

---

रकानेवही

आपोआप काहीच होत नाही. आयडी विद्यार्थी काढतो, 12 अंकी, डिजिलॉकरमधून. क्रेडिट विद्यापीठ चढवतं. या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे नाव, जन्मतारीख आणि लिंग. आधारवर "सुनिता", परीक्षा अर्जावर "सुनीता" असेल तर नोंद जुळत नाही. आधारवर आडनाव शेवटी आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी, ही आपल्याकडची नेहमीची गफलत. दुरुस्ती कुठे करायची? दहावी-बारावीची कागदपत्रं बरोबर असतील तर आधारमध्ये. विद्यापीठाच्या नोंदीत चूक असेल तर पीआरएनची (विद्यापीठातल्या कायम नोंदणी क्रमांकाची) नोंद सुधारून घ्या. ती सुधारली की पुढची सगळी सत्रं सुधारतात. नुसती एक गुणपत्रिका दुरुस्त केली तर पुढच्या सत्रात चूक परत उगवते.

आणखी दोन नियम. जमा क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं वापरता येतात. आणि एकदा पदवी किंवा डिप्लोमासाठी वापरले की ते खात्यातून वजा होतात. म्हणून पहिल्या वर्षानंतर डिप्लोमा उचलण्याआधी विचार करा: परत येऊन दुसरं वर्ष करायचं असेल तर डिप्लोमा परत करावा लागेल का, किती दिवसांत यावं लागेल, हे आपल्या विद्यापीठाकडून लेखी घ्या. दुसऱ्या विद्यापीठातून क्रेडिट आणायचे असतील तरी पदवी देणाऱ्या विद्यापीठात किमान 50 टक्के मिळवलेले हवेत.

---

दशांशचिन्ह

आता गुणांचं गणित. श्रेणी दहाच्या पट्टीवर असतात: ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4, नापास आणि गैरहजर 0. एसजीपीए (एका सत्राची सरासरी) काढताना प्रत्येक पेपरचा गुणांक त्याच्या क्रेडिटने गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायची.

पहिल्या सत्राचं उदाहरण घ्या. मेजरचे 4 क्रेडिटचे तीन पेपर: 9, 7, 8. 2 क्रेडिटचा मेजर: 10. इलेक्टिव्ह 4 क्रेडिट: 6. आरएम 4 क्रेडिट: 4.
36 + 28 + 32 + 20 + 24 + 16 = 156. भागिले 22 = 7.09.

आता फक्त दोन आकडे बदला, 2 क्रेडिटच्या पेपरला 4 आणि आरएमला 10.
36 + 28 + 32 + 8 + 24 + 40 = 168. भागिले 22 = 7.64.

आरएमकडे "तो काय, सगळ्यांना सारखाच पेपर" म्हणून दुर्लक्ष करणाऱ्यांसाठी हे. त्याचं वजन मेजरच्या पेपराएवढंच आहे. चौथ्या सत्रातला आरपी तर 6 क्रेडिटचा, एकटाच सत्राच्या सव्वा भागाहून जास्त.

---

अर्धविराम

"सव्वा भागाहून"? 6 भागिले 22 म्हणजे सव्वासत्तावीस टक्के होतात ना?

---

दशांशचिन्ह

बरोबर, पाव भागाहून थोडा जास्त. पाव लिहायचं होतं, सव्वा पडलं. धन्यवाद.

टक्केवारीबद्दल एक. सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी) गुणिले 9.5 हे सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं. ते पीजीला लावू नका. प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असतं. सीजीपीए 6.00 असेल तर दहाने गुणणाऱ्या सूत्रानं 60 टक्के, आणि आधी 0.75 वजा करून मग दहाने गुणणाऱ्या सूत्रानं 52.5. नेटला आणि पीएचडीला खुल्या प्रवर्गासाठी 55 टक्क्यांची अट आहे, म्हणजे त्याच सीजीपीएवर एक पात्र आणि दुसरा अपात्र. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला सूत्र छापलेलं नसेल तर विद्यापीठाकडून रूपांतराचं पत्र आधीच घेऊन ठेवा.

---

सत्रकर्म

एटीकेटीचा (राहिलेले पेपर घेऊन पुढच्या वर्षात जाण्याचा) नियम विद्यापीठागणिक वेगळा आहे, तरी एक साचा बराच दिसतो: पहिल्या वर्षाच्या 44 पैकी निम्मे, म्हणजे 22 क्रेडिट मिळाले असतील तर तिसऱ्या सत्राला प्रवेश. पहिल्यावरून दुसऱ्या सत्रात जायला सहसा अट नसते. लोक चुकतात ते क्रेडिट मोजताना. 4 क्रेडिटच्या पेपरात अंतर्गतमध्ये पास आणि लेखीत नापास झालात तर त्याचे 2 क्रेडिट मिळत नाहीत, शून्य मिळतात. गुण पुढे धरले जातात, क्रेडिट नाहीत.

आणि दोन्ही भागांत स्वतंत्र पास व्हायचं आहे का, की एकत्रित, हेही बघा. स्वतंत्र असेल आणि अंतर्गतमध्ये गैरहजेरी लागली असेल, तर लेखीत कितीही मिळवा, उपयोग नाही. अंतर्गत परीक्षा बाह्य परीक्षेसारखी पुढच्या सत्रात आपोआप लागत नाही. विभागाला अर्ज करून मागावी लागते.

पूर्ण पीजीला कमाल मुदत किती? यूजीसीच्या जुन्या मार्गदर्शक सूचनेनुसार नेहमीची मुदत अधिक दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षांच्या पीजीला चार. त्यानंतर नव्यानं नोंदणी, आणि अभ्यासक्रम तोवर बदललेला असतो.

---

हस्तलिखित

आरपीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 10 क्रेडिट तिथे आहेत आणि तयारी सगळ्यात उशिरा सुरू होते.

तिसऱ्या आणि चौथ्या सत्रातला आरपी एकाच विषयावर सलग असावा की दोन वेगळे प्रकल्प, हे अभ्यास मंडळ ठरवतं. सलग असेल तर तिसऱ्या सत्रात विषय, पूर्वअभ्यासाचा आढावा, प्रश्नावली किंवा प्रयोगाची आखणी एवढं होऊन जावं. चौथ्यात माहिती गोळा करणं, विश्लेषण आणि लेखन. उलटं करणारे, म्हणजे आधी माहिती गोळा करून मग प्रश्न शोधणारे, तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकतात: "ही प्रश्नावली कशासाठी होती?" माणसांवर किंवा प्राण्यांवर काही करणार असाल तर नैतिकता समितीची परवानगी माहिती गोळा करण्याआधीची लागते. मागची तारीख घालून ती मिळत नाही.

आता साम्य-तपासणी. यूजीसीचे 2018 चे विनियम असे: साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत ठरलेल्या मुदतीत सुधारून परत सादर करायचं. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. 60 च्या वर नोंदणी रद्द. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाण सूत्रं हे मोजणीतून वगळायचं असतं. तसंच सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगानं जुळणारं साम्यही. तपासणी करणाऱ्या ग्रंथालयात हे गाळण्याचे पर्याय निवडले आहेत की नाही, ते अहवालाच्या पहिल्या पानावर दिसतं. 23 टक्के बघून घाबरण्याआधी ते पान बघा. पुष्कळदा संदर्भसूचीच मोजलेली असते.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर सॉफ्टवेअरला कचऱ्यासारखा दिसतो. शून्य टक्के साम्य आलं म्हणून खूश होऊ नका, तो अहवाल नाकारला जाऊ शकतो. युनिकोडमध्येच टंका आणि पीडीएफ करताना मजकूर निवडून कॉपी होतो का ते तपासा.

मार्गदर्शक बदलायचा असेल तर आधी विभागाला लेखी अर्ज, दोन्ही मार्गदर्शकांची संमती, मग नवा विषय. विषय बदलून मग मार्गदर्शकाला कळवणं हा उद्योग करू नका.

---

पोचपावती

निकाल राखीव राहण्याची कारणं, जी परीक्षा विभागात परत परत दिसतात:

पात्रता प्रमाणपत्र प्रलंबित. दुसऱ्या विद्यापीठातून पदवी घेऊन आलेल्यांचं स्थलांतर प्रमाणपत्र पहिल्या सत्रात दिलेलं नसतं. प्रवेश तात्पुरता राहतो, परीक्षा होते, निकाल अडतो. हे एकटं कारण बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आढळतं.

महाविद्यालयानं अंतर्गत गुण पोर्टलवर भरले, पण "कायम करा" दाबलं नाही. विद्यार्थ्याला "कॉलेजने पाठवले" सांगतात आणि विद्यापीठाकडे मसुदाच पडलेला असतो. अशा वेळी महाविद्यालयाकडून भरल्याची तारीख असलेली छापील प्रत मागा.

पेपरचा कोड चुकीचा. परीक्षा अर्जात एक इलेक्टिव्ह, प्रत्यक्ष दिली दुसरी. उत्तरपत्रिका तपासलेली असते, पण गुण ज्या कोडखाली पडायला हवेत तो कोडच तुमच्या नावावर नसतो. हॉलतिकीट आलं की त्यावरचे कोड वेळापत्रकाशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार निकाल परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत लावण्याचा प्रयत्न आणि कमाल 45 दिवस. पुनर्मूल्यांकनाची मुदत निकालाच्या तारखेपासून चालते, गुणपत्रिका हातात आल्यापासून नाही. आधी छायाप्रत मागवा, बेरीज आणि न तपासलेली उत्तरं बघा, मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. छायाप्रत नाकारली तर माहितीचा अधिकार आहेच. परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये मान्य केला आहे.

---

अर्धविराम

परदेशी अर्ज करताना 88 क्रेडिटचे ईसीटीएसमध्ये (युरोपच्या क्रेडिट पद्धतीत) किती लिहायचे?

---

तासिकावाला

स्वतः काहीच लिहायचे नाहीत. तिकडे पूर्ण वर्ष म्हणजे 60 ईसीटीएस, 1500 ते 1800 तासांचं काम, म्हणजे एका क्रेडिटला 25 ते 30 तास. आपले 88 गुणिले 30 म्हणजे 2640 तास. त्याला 30 ने भागा, 88 येतात, 25 ने भागा, साधारण 106. दोन्ही 120 पेक्षा कमी. म्हणजे तासांचा हिशोब करून दोन वर्षांची पूर्णवेळ पदवी तुम्हीच लहान करून घेता. त्याऐवजी विद्यापीठाकडून "दोन वर्षं, चार सत्रं, पूर्णवेळ, सत्राला 22 क्रेडिट" असं पत्र आणि प्रत्येक पेपरचा तासांसह अभ्यासक्रम जोडा. समकक्षता ते ठरवतात.

---

सत्रकर्म

एक राहिलं. नियमाविषयी वाद झाला तर कोणाकडे जायचं? अभ्यासक्रमातला पेपर, इलेक्टिव्हची यादी, आरपीची रचना हे अभ्यास मंडळ तयार करतं आणि विद्या परिषद मान्य करते. परीक्षेचं सगळं परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे. विभागप्रमुख किंवा प्राचार्य यातलं काही बदलू शकत नाहीत, ते फक्त पुढे पाठवतात. म्हणून अर्जावर "महोदय, कृपया सवलत द्यावी" लिहिण्यापेक्षा परिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि कलम लिहा, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

---

पानमार्जिन

आवक क्रमांकाच्या मुद्द्याला अनुमोदन. ज्यांच्या विद्यापीठात चारही सत्रांची विभागणी वरच्यापेक्षा वेगळी आहे, त्यांनी परिपत्रकाची तारीख आणि विद्याशाखा लिहून इथेच टाका, पहिल्या पोस्टमध्ये जोडतो. एम.एड., एलएल.एम. आणि एमबीएला त्यांच्या शिखर परिषदांचे वेगळे नियम लागतात, त्यांच्यासाठी वेगळा धागा काढूया.